माध्यम सिद्धांतांचा पहिला अभ्यास: उत्तराआधी प्रश्न शोधा

पत्रकारिता किंवा मास मीडियाच्या पदवीला पहिल्याच वर्षी संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, सिद्धांतांचा एक पेपर असतो. कॅमेरा, बातमी, जाहिरात यांच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्यांना तो परका वाटतो. नोट्सच्या दर पानावर एक परदेशी नाव, एक साल आणि बाणांची एक आकृती. परीक्षेच्या आदल्या रात्री हे सगळे पाठ होते आणि पेपर झाला की डोक्यातून जाते.

हा विषय असा वाया जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. निवडणुकीत माणसाचे मत कसे ठरते, वर्तमानपत्रात कोणाची बाजू येते आणि कोणाची येत नाही, एकच बातमी दोन घरांत वेगळी का ऐकली जाते, हे प्रश्न या पेपरात आहेत. इथला जवळपास प्रत्येक सिद्धांत कोणाला तरी पडलेल्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न कळला की उत्तर लक्षात राहते आणि ते कुठे अपुरे पडते हेही दिसू लागते. पुढची पद्धत एका सत्रात पार पडेल अशी आहे. वही, पट्टी, आठ-दहा दिवसांची वर्तमानपत्रे आणि बोलायला तयार असलेली माणसे एवढे पुरे.

पहिली पायरी: नावांची वर्गवारी

अभ्यासक्रम हाती आला की त्यातली नावे तीन गटांत लावा. पहिला गट प्रारूपांचा, म्हणजे मॉडेल्सचा. प्रारूप संवादाचे भाग दाखवते. कशामुळे काय घडते हे सांगेलच असे नाही. क्लॉड शॅनन यांचे १९४८चे प्रारूप बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले. तारेत गोंगाट असताना संदेश कमीत कमी चुकांनी पलीकडे कसा पोहोचवायचा, हा त्यांचा प्रश्न. संदेशाचा अर्थ या अभियांत्रिकी प्रश्नात येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. ‘शॅनन अर्थाचा विचार करत नाहीत’ ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची टीका म्हणून मला अन्यायाची वाटते. ती करायचीच तर हे प्रारूप माणसांच्या बोलण्याला जसेच्या तसे लावणाऱ्यांवर करा.

हॅरॉल्ड लॅसवेल यांचे प्रसिद्ध सूत्रही १९४८चेच: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो. हे सूत्र पाठ करायला हरकत नाही. पण याच लॅसवेल यांनी १९२७ साली पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्रावर पुस्तक लिहिले होते, हे कळले की सूत्राचा शेवट ‘परिणामा’वर का होतो ते समजते. ऐकणारा उलट काय बोलतो, याला त्या सूत्रात जागा नाही.

दुसरा गट परिणामांच्या सिद्धांतांचा. इथे सर्वेक्षण, मोजणी, आकडे असतात. तिसरा गट चिकित्सक आणि सांस्कृतिक परंपरेचा: जर्मनीतला फ्रँकफर्टचा गट, इंग्लंडमधला बर्मिंगहॅमचा गट, जर्मन विचारवंत हाबरमास. तिथे पुरावा इतिहासातून, संहितेच्या वाचनातून आणि युक्तिवादातून येतो. या दोन गटांमधले भांडण समजून घ्यायचे तर १९३८ साली अमेरिकेत एकाच रेडिओ संशोधन प्रकल्पात एकत्र आलेले दोन स्थलांतरित पाहा: पॉल लाझर्सफेल्ड आणि थिओडोर अडोर्नो. श्रोत्यांची आवडनिवड मोजता येते, असे एकाचे म्हणणे. ती आवड ज्या व्यवस्थेने घडवली तिच्याबद्दल ही मोजणी गप्प राहते, असे दुसऱ्याचे. दोघांचे जमले नाही आणि तो मतभेद अजून मिटलेला नाही. कॅनडाचे माध्यमविचारक मार्शल मॅकलुहान तिन्ही गटांत नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी तंत्रज्ञानाचे वेगळे पान ठेवा.

दुसरी पायरी: प्रत्येक सिद्धांताचे एक पान

नोट्स उतरवण्याऐवजी प्रत्येक सिद्धांताला वहीत एक पान द्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा. प्रश्न कोणाला, कुठे, केव्हा पडला? पुरावा कसा गोळा केला? निष्कर्ष काय निघाला? खर्च कोणी केला? नंतर कोणी कोणत्या मुद्द्यावर हरकत घेतली? चौथा मुद्दा पाठ्यपुस्तके बहुधा गाळतात. तो शोधायला वेळ लागतो, पण तो सोडू नका.

उदाहरणादाखल द्विस्तरीय प्रवाहाचे पान भरू. १९४०ची अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक, रूझवेल्ट विरुद्ध विल्की. लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत सुमारे ६०० मतदारांच्या गटाला मे ते नोव्हेंबर या काळात पुनःपुन्हा गाठून मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे मत कसे बदलते, हा प्रश्न होता. हाती आले ते अपेक्षेपेक्षा निराळे. मत पालटणारे थोडे निघाले, बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले. आणि कशाने प्रभावित झालात असे विचारले तर लोक रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या माणसांशी झालेल्या बोलण्याचा उल्लेख अधिक करत. त्यातून १९४४च्या पुस्तकात कल्पना पुढे आली की माध्यमातला विचार आधी जाणत्या, बोलक्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत. या माणसांना मतनेते म्हणतात.

इथे थांबून पुराव्याचा रकाना नीट वाचा. एरी काउंटीचा अभ्यास माणसामाणसांतला प्रभाव मोजायला आखलेलाच नव्हता. ही कल्पना वाटेत सापडली. तिची तपासणी करायला इलिनॉयमधल्या डिकेटर शहरात स्त्रियांचे वेगळे सर्वेक्षण झाले आणि त्यावरचे कॅट्झ व लाझर्सफेल्ड यांचे पुस्तक १९५५ साली आले. बाजारहाट, फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न असे त्यातले विषय. खर्चाच्या रकान्यात लिहा: मॅकफॅडन ही मासिके काढणारी प्रकाशन कंपनी. आता शेवटचा रकाना. १९७८ साली समाजशास्त्रज्ञ टॉड गिटलिन यांनी हरकत घेतली की खरेदीचा निर्णय आणि राजकीय मत एकाच मापाने मोजले, अल्पकाळात वागणे बदलले का एवढेच पाहिले आणि माध्यमांची मालकी कोणाकडे, चर्चेची चौकट कोण आखते, हे नजरेआड राहिले. खर्चाचा रकाना भरला असेल तर ही हरकत पटकन कळते.

असे एक पान भरायला दोन-तीन तास जातात. सत्रात आठ पाने झाली तरी पुष्कळ.

एक सावधगिरी. ‘सुरुवातीला माध्यमे बंदुकीच्या गोळीसारखी परिणाम करतात असे मानत, मग मर्यादित परिणामांचा काळ आला’ ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट फार सरळ आहे. गोळीचा सिद्धांत कोणा अभ्यासकाने रीतसर मांडला होता असे दाखवणे कठीण आहे. नंतरच्यांनी आधीच्यांना दिलेले ते नाव आहे. ३० ऑक्टोबर १९३८च्या मंगळावरून हल्ल्याच्या रेडिओ नाटकाचा दाखलाही असाच जपून वापरा. नाटक खरे समजून सगळी अमेरिका रस्त्यावर आली हे चित्र बऱ्याच अंशी वर्तमानपत्रांनी रंगवलेले होते. हॅडली कँट्रिल यांच्या १९४०च्या अभ्यासाचा मोठा भाग तर काही श्रोत्यांनी कार्यक्रम खरा की खोटा हे तपासले आणि काहींनी का तपासले नाही, यावर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांचा काळ पाहता मला तोच भाग जास्त कामाचा वाटतो.

तिसरी पायरी: एक मूळ निबंध पुरा वाचा

सगळे मूळ ग्रंथ पहिल्या वर्षी वाचून होत नाहीत. एक मात्र वाचाच: मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांचा १९७२चा अजेंडा सेटिंगवरचा, म्हणजे लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमे कसे ठरवतात यावरचा, निबंध. तो बारा पानांचा आहे आणि त्याची इंग्रजी सोपी आहे. पहिल्या वाचनात फक्त प्रस्तावना आणि शेवट पाहा. दुसऱ्यात पद्धतीचा भाग. तिसऱ्यात तक्ते, आणि तेही स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढा. तक्त्यातला एखादा आकडा मराठी वाक्यात सांगता आला नाही, तर तो अजून कळलेला नाही असे समजा.

निबंधाचा गाभा असा. १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिल इथे, कोणाला मत द्यायचे हे न ठरवलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात असे विचारले. त्याच काळात त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वर्तमानपत्रे, मासिके आणि दूरचित्रवाणीच्या बातम्या तपासल्या. दोन्हीकडचे महत्त्वाचे मुद्दे जवळजवळ सारख्याच क्रमाने आले, सहसंबंध, म्हणजे दोन क्रम किती जुळतात याचा आकडा, ०.९७च्या आसपास (पूर्ण जुळले तर १). बर्नार्ड कोहेन यांनी १९६३ साली म्हटले होते की वर्तमानपत्र लोकांनी काय विचार करावा हे सांगण्यात फारसे यशस्वी होत नसेल, पण कशाबद्दल विचार करावा हे सांगण्यात विलक्षण यशस्वी होते. त्या विधानाला इथे आकड्यांचा आधार मिळाला.

पण सहसंबंध दिशा सांगत नाही. माध्यमांमुळे लोकांचा क्रम ठरला की लोकांची काळजी ओळखून माध्यमांनी बातम्या दिल्या? ही हरकत लेखकांनाही ठाऊक होती. म्हणून १९७२च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच मतदारांना वेगवेगळ्या वेळी विचारून पुढचा अभ्यास झाला.

चौथी पायरी: तोच अभ्यास आपल्या गावात

या पायरीला सर्वाधिक वेळ द्या. दोन मराठी दैनिके निवडा, दोन्हींची आवृत्ती एकाच शहराची हवी. सलग १० दिवसांची पहिली पाने जमवा. ग्रंथालयात फाइल मिळते. ई-पेपर चालेल, पण मग सगळे दिवस ई-पेपरच वापरा.

मोजणीआधी नियम लिहून काढा. पहिल्या पानावर संपूर्ण जाहिरात असेल तर आतले मुख्य पान धरायचे का? ‘सविस्तर पान ५ वर’ असलेल्या बातमीचा पान पाचवरचा भाग मोजायचा का? बातम्यांची संख्या मोजायची की शीर्षक आणि छायाचित्र धरून कॉलम-सेंटिमीटर? कोणताही पर्याय निवडा, पण दहाही दिवस तोच ठेवा. विषयांचे वर्ग सात-आठच असू द्या: पाऊस-पाणी-शेती, पक्षीय राजकारण, आरक्षण, महागाई आणि रोजगार, गुन्हे, शिक्षण आणि परीक्षा, आरोग्य, इतर. मग खरी अडचण येते. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईवरून दोन नेत्यांची जुंपली, तर ती बातमी पाण्याची की राजकारणाची? ‘शीर्षकात जो विषय आधी येतो तो’ असा काहीतरी नियम करावाच लागतो. अशी प्रत्येक अडचण आणि तिचा निकाल वहीत नोंदवा. प्रकल्प तपासणारे शिक्षक आधी हेच पान उघडतील.

आपले वर्गीकरण दुसऱ्याला पटते का हेही पाहा. मित्राला नियम द्या, त्यातल्या ३० बातम्या त्याला स्वतंत्रपणे वर्गात टाकू द्या आणि किती ठिकाणी जुळले ते मोजा. ३० पैकी २४च्या खाली जुळले तर नियम पुन्हा लिहा. संशोधनात यासाठी योगायोगाचा वाटा वजा करणारी गुणके वापरतात. पहिल्या वर्षी साधी टक्केवारी चालेल, मात्र ती साधी आहे हे अहवालात सांगा.

आता माणसे. किमान ३० जणांना गाठा आणि सगळे वर्गातलेच नकोत. रिक्षा स्टँड, भाजी मंडई, सोसायटीतले निवृत्त काका, वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशी. प्रश्न एकच, मोकळा: ‘सध्या आपल्यापुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता, असं तुम्हाला वाटतं?’ पर्याय वाचून दाखवू नका. पर्याय दिले की तुमचाच क्रम त्यांच्या तोंडून परत येईल. कोणते वर्तमानपत्र वाचता, बातम्या मोबाइलवर पाहता का, हे शेवटी विचारा.

दोन्हीकडच्या विषयांना क्रमांक द्या आणि स्पिअरमनचे गुणक, म्हणजे दोन क्रमांमधला सहसंबंध, काढा. समजा पाच विषय आहेत. वर्तमानपत्रांतला क्रम १, २, ३, ४, ५ आणि त्याच विषयांचा लोकांमधला क्रम २, १, ३, ५, ४. क्रमांकांतले फरक १, १, ०, १, १. त्यांच्या वर्गांची (स्क्वेअर) बेरीज ४. तिला ६ने गुणले की २४. पाच विषयांसाठी छेद ५ गुणिले (५चा वर्ग वजा १), म्हणजे ५ गुणिले २४, म्हणजे १२०. २४ भागिले १२० म्हणजे ०.२, आणि १ मधून ते वजा केले की ०.८. आकडा भारदस्त दिसतो, पण पाच विषय एकूण १२० प्रकारे लावता येतात आणि त्यांतल्या ८ मांडण्यांत गुणक ०.८ किंवा त्याहून जास्त येते. म्हणजे निव्वळ योगायोगानेही साधारण १५ वेळांत एकदा असा निकाल मिळेल. अहवालात हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी मला गुणक दशांश चार स्थळांपर्यंत काढणाऱ्यापेक्षा जास्त समजदार वाटतो.

जिथे क्रम जुळत नाहीत, तिथे जास्त वेळ थांबा. पाऊस लांबला आहे हे शेतकऱ्याला वर्तमानपत्राने सांगावे लागत नाही. हॅरॉल्ड झकर यांनी १९७८ साली हाच मुद्दा मांडला: ज्या प्रश्नाचा माणसाला रोज थेट अनुभव येतो, त्यावर माध्यमांचा प्रभाव कमी पडतो आणि ज्याचा अनुभव नाही तिथे तो वाढतो. तुमच्या ३० उत्तरांत गॅस सिलिंडरचा भाव आणि परराष्ट्र धोरण या दोन टोकांना काय दिसते ते तपासा.

पाचवी पायरी: ऐकणाऱ्याकडे वळा

आता तिसऱ्या गटाकडे. स्टुअर्ट हॉल, जमैकात जन्मलेले, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या समकालीन सांस्कृतिक अभ्यास केंद्राचे प्रमुख. १९७३च्या निबंधात त्यांनी मांडले की कार्यक्रम तयार करताना त्यात एक अर्थ गुंफला जातो, पण पाहणारा तो उलगडतो आपल्या जागेवरून. कोणी दिलेला अर्थ मान्य करतो, कोणी थोडा मान्य करून आपल्यापुरता बदलतो, कोणी उलट्या बाजूने वाचतो. त्यांचे सहकारी डेव्हिड मॉर्ली यांनी बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ कार्यक्रमाचे भाग बँक व्यवस्थापक, शिकाऊ कामगार, कामगार संघटनांचे प्रतिनिधी, विद्यार्थी अशा गटांना दाखवून १९८० साली त्यावर पुस्तक केले. सामाजिक वर्ग सारखा म्हणून वाचनही सारखे, असे निघाले नाही. काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर कार्यक्रम आपल्याशी संबंधितच वाटला नाही. नाकारण्याइतकीही जवळीक नसलेली ही प्रतिक्रिया हॉल यांच्या तीन प्रकारांत मावत नाही.

तुम्ही एक मिनिटाची सरकारी योजनेची जाहिरात घ्या. ती आधी स्वतः वाचा: कोण बोलते आहे, कोण नुसते हात जोडून उभे आहे, भाषा पुण्याची आहे की कुठली, बाई स्वयंपाकघराबाहेर दिसते का. मग तीच जाहिरात लाभार्थी, योजनेचे काम करणारी आशा सेविका आणि योजनेशी संबंध नसलेला नोकरदार यांना दाखवा. ‘हे कोणासाठी आहे असं वाटतं?’ एवढेच विचारा आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. वऱ्हाडी किंवा मालवणी उत्तर प्रमाण मराठीत आणले की निम्मी माहिती हातची जाते. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी परवानगी घ्या आणि अहवालात नावे देऊ नका.

सहावी पायरी: आपल्याकडचा पुरावा

अभ्यासक्रमातले बहुतेक पुरावे अमेरिका-युरोपातले आहेत. पण या शास्त्राच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यांत झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत, शेतकऱ्यांची श्रवणमंडळे सुरू केली. मंडळाने एकत्र बसून शेती आणि गावसुधारणेवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. असे एकूण २० कार्यक्रम झाले. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, त्या कामाचे प्रमुख होते पॉल न्यूरथ. हे लाझर्सफेल्ड यांच्याच वर्तुळातले, व्हिएन्नाचे. मंडळ नसलेली गावेही तुलनेसाठी घेतली होती. मंडळे असलेल्या गावांत ज्ञान ठळकपणे वाढले, इतर गावांत फारसे नाही. द्विस्तरीय प्रवाहाच्या पानाशेजारी हे पान ठेवा. ओहायोत माणसांचे बोलणे अनपेक्षितपणे सापडले होते. पुण्याच्या प्रयोगात ते मुद्दाम कार्यक्रमाचा भाग केले होते.

दुसरे पान हाबरमास यांचे. १९६२ साली त्यांनी लोकवर्तुळाची, म्हणजे नागरिक सार्वजनिक प्रश्नांवर मोकळेपणी वाद घालतात त्या अवकाशाची, कल्पना युरोपातल्या कॉफीगृहांच्या आणि वृत्तपत्रांच्या इतिहासातून मांडली. नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० साली विचारले की त्या कॉफीगृहात स्त्रिया आणि कष्टकरी कुठे होते? वगळलेले समूह आपली समांतर वर्तुळे उभी करतात, असे त्यांचे उत्तर. मराठी वाचकाला इथे ३१ जानेवारी १९२० आठवायला हवा. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. पहिल्याच अंकात त्यांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यातली बरीच पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि इतरांची पर्वा करत नाहीत. फ्रेझर यांच्या निबंधाआधी ७० वर्षे हा युक्तिवाद मराठीत छापला गेला होता. ग्रंथालयातून ‘मूकनायक’चे अग्रलेख काढा आणि हाबरमास यांच्या पानावर शेवटच्या रकान्यात आंबेडकरांची हरकत म्हणून लिहा. माझ्या मते हा रकाना पूर्ण वहीतला सर्वांत मोलाचा ठरेल.

सातवी पायरी: उत्तर लिहिणे

परीक्षेतले दीर्घ उत्तर पानाच्या क्रमानेच लिहा. पहिला परिच्छेद प्रश्नाचा, दुसरा पुराव्याचा, तिसरा निष्कर्षाचा, चौथा हरकतींचा. आकृती काढलीत तर तिच्याखाली ती काय दाखवत नाही हे एका ओळीत सांगा. व्याख्येने सुरुवात आणि ‘अशा प्रकारे’ने शेवट टाळा. उदाहरण तुमच्या दहा दिवसांच्या मोजणीतले द्या. तारीख, दैनिक, विषय यांसह. मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांनी पारिभाषिक शब्द एकदा ठरवले की उत्तरभर तेच वापरावेत. अजेंडा सेटिंग लिहिले तर पुढे कार्यसूची-निश्चिती नको.

प्रकल्पाच्या अहवालात मोजणीचे नियम, मित्राबरोबरची पडताळणी, विचारलेला प्रश्न शब्दशः आणि ३० जणांची वये व व्यवसाय परिशिष्टात जोडा. वर्तमानपत्रांची कात्रणे निकाल लागेपर्यंत टाकू नका. तोंडी परीक्षेत कोणतीही एक बातमी काढून ती त्या वर्गात का टाकली, हे विचारले जाऊ शकते.